होम लँग्वेज सर्व्हेत मराठी लिहावं की नाही

कोणीतरी लिहिलंय की अमेरिकेत शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा मराठी लिहू नका, पोराला उगाच ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांच्या जादा इंग्रजीच्या तासाला, टाकतात. अहो, नुसतं लिहिलं म्हणून कोणी टाकत नाही, आधी इंग्रजीची टेस्ट घेतात, कॅलिफोर्नियात ईएलपॅक, बऱ्याच राज्यांत विडाची, इंग्रजी चांगलं असेल तर विषय तिथेच संपतो. आणि ही मदत म्हणजे शाळेची मेहेरबानी नाहीये. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या लाउ विरुद्ध निकोल्स केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय की सगळ्यांना तीच पुस्तकं नि तेच शिक्षक दिले की समानता झाली असं होत नाही, शिकवलेलं कळलंच नाही तर काय उपयोग!

खरी बोंब पुढे आहे. पोरगं फाडफाड इंग्रजी बोलतं पण सायन्सच्या पेपरात लांबलचक वाक्य आलं की अडतं, मग ‘इंग्रजी शिकणारा’ हा शिक्का काही निघत नाही, आणि मिडल स्कूलमध्ये त्या इंग्रजीच्या जादा तासापायी बँड नाहीतर आर्टवर पाणी सोडावं लागतं. पालक त्या तासाला लेखी नकार देऊ शकतात म्हणा, पण दरवर्षीची टेस्ट काही चुकत नाही. मी तर म्हणेन फॉर्म खरा भरा आणि रीक्लासिफिकेशन, म्हणजे तो शिक्का निघणं, कशात अडलंय, रीडिंग की रायटिंग, ते दरवर्षी शाळेला विचारत राहा.