बाबांच्या नावानं दाजीपूरच्या जंगलासाठी पैसे द्यायचेत, कुठं द्यावेत?

उत्तरेश्वर_पेठ:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात बाबांचं वर्षश्राद्ध आहे. बाबा दर उन्हाळ्यात आम्हाला दाजीपूरला न्यायचे, सावराई सड्यावर (डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावर) पहाटे गवे दिसले की श्वास पण हळू घ्या म्हणायचे. आई म्हणते जेवणावळीपेक्षा त्या जंगलासाठी काहीतरी करूया. चाळीस हजार बाजूला काढलेत. पहिल्यांदा झाडं लावायचंच डोक्यात आलं, पण तीन वर्षांमागं एका संस्थेला शंभर रोपांचे पैसे दिलेले, पावसाळ्यात फोटो आले आणि मे महिन्यात जाऊन बघतो तर नुसत्या काळ्या पिशव्या आणि वाळक्या काड्या. परत तसं नको. जंगल सरकारचं, मग पैसे द्यायचे तरी कुणाला?

सड्यावरचा:
दादा, झाडं नकोतच. सडा उघडा दिसतो म्हणून तो ओसाड नसतोय, पावसाळ्यात तिथं गवत आणि सीतेची आसवं फुलतात, आणि गव्याला ते गवतच लागतं. १९५८ पासनं राखलेलं रान हाय ते, आता राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटर आणि २०१२ पासनं जागतिक वारसा. नवीन लावण्यापेक्षा हाय ते जळू नये यासाठी द्या. गेल्या मार्चला आमच्या गावामागं वणवा लागला, आम्ही पोरं आणि चार वनमजूर ओल्या डहाळ्यांनी झोडपत होतो, एकाच्या बुटाचा तळ उष्णतेनं सुटला, त्यानं सुतळीनं बांधला आणि परत वर चढला. मी ते विसरू शकत नाही. जाळरेषा (आग पुढं सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढायची मजुरी, बूट, टॉर्च, पाण्याचे कॅन, पैसा इथं लागतोय.

हिशेबवाला_शाहूपुरी:
पावतीचं सांगतो. वाघांच्या राखीव क्षेत्रासाठी वन्यजीव कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीनं व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची सोय झालीय, तिथं देणगी घेता येते, म्हणजे सरकारी जंगलाला पैसे देता येत नाहीत असं काही नाही. आपल्याकडं कोयना आणि चांदोली मिळून २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. खाजगी ट्रस्टला देणार असाल तर नोंदणी आणि ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) दोन्ही बघा, रोख २,००० च्या वर दिलं तर सवलत जाते, आणि नवीन कररचना घेतली असेल तर ८०जी चा फायदाच नाही. पण बाबांसाठी देताय तर सवलतीपेक्षा पैसे नेमके कशावर गेले हे लेखी मागा, तेवढा हक्क आहे तुमचा.

भुदरगडची_लेक:
एक लक्षात घ्या, दाजीपूर त्या व्याघ्र प्रकल्पात येत नाही, वेगळं अभयारण्य आहे. तुमचं मन दाजीपुरात असेल तर वन्यजीव विभागाच्या ऑफिसात जाऊन वस्तू स्वीकारतात का ते विचारा, आणि गावच्या इको डेव्हलपमेंट समितीलाही (वनविभागासोबत काम करणारी गावकऱ्यांची समिती) भेटा, कारण उसात गवा शिरला की नुकसान गावकऱ्याचं होतं आणि तोच माणूस उद्या वणवा विझवायला पळणार असतो. अन चांदोली ते राधानगरी मधला पट्टा पण विसरू नका, तिथं विशाळगड, गगनबावडा आणि राधानगरीच्या दक्षिणेला आजरा-भुदरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं झालीत, जनावरं त्यातनंच ये-जा करतात.

उत्तरेश्वर_पेठ:
लई उपकार झाले सगळ्यांचे. आईला वाचून दाखवलं, बुटाचं ऐकून ती गप्पच बसली. सोमवारी दोघं ऑफिसात जातोय. बूट घेतात म्हणाले तर मजुरांच्या पायांचे नंबर आधी लिहून आणणार, सगळ्यांना आठ नंबर असं नको व्हायला.