जावातल्या शेतकऱ्यांच्या उठावांवर काय वाचावं?

माळरान:
डच अमलातल्या जावाविषयी वाचतोय. दिपोनेगोरोचं युद्ध (१८२५-३०) झालं वाचून, पण तिथे सगळी जागा राजपुत्रच व्यापतो. मला साधा कुळवाडी हवाय. सारा, वेठ, जंगलबंदी आली तेव्हा गावानं काय केलं? इंग्रजी चालेल, डच येत नाही.

भातखाचर:
आधी इतिहासकार सार्तोनो कार्तोदिर्जो यांचा पश्चिम जावातल्या बांतेनच्या १८८८च्या उठावावरचा ग्रंथ (१९६६) घ्या. जुलैमध्ये हाजी वासिद आणि साथीदार तिथल्या चिलेगोन गावावर चालून गेले, डच अधिकारी मारले गेले, लष्करानं काही दिवसांत उठाव मोडला. घटना एवढीच. पण सार्तोनो मागे जातात: बुडालेली सल्तनत, गुरांची साथ, १८८३चा क्राकाताऊ ज्वालामुखीचा स्फोट, करांचा तगादा, सूफी तरीकांच्या (पंथांच्या) बैठका. सरकारी कागदांत हे लोक नुसते 'धर्मवेडे' होते. त्याच कागदांतून सार्तोनोंनी गाव उभं केलंय. नावांची गर्दी आहे, तेवढी सोसा.

सागवान:
+१. पण सामिन सोडू नका, माझा जीव तिथेच अडकलाय. ब्लोराच्या सागवानी मुलखातला सामिन सुरोसेंतिको १८९०च्या सुमारास शिकवू लागला. जंगलखात्यानं सरपणालाही हात लावू द्यायचा नाही असं केलं होतं. त्याच्या माणसांनी हत्यार उचललं नाही. कर द्यायचा नाही, वेठीला जायचं नाही, मोजणीदार आला की आपल्या जमिनीवर आडवं व्हायचं. "सरकारचं देणं आहे तुझ्याकडे" म्हटलं की उत्तर, "मी सरकारकडून उसनं काहीच घेतलं नाही." आणि साहेबाशी बोलायचं ते न्गोकोत, म्हणजे जावानीजमधल्या अरे-तुरेच्या बोलीत! त्या समाजात हा केवढा धक्का असेल. १९०७मध्ये त्याला पकडून सुमात्राला धाडलं, १९१४मध्ये तिथेच वारला. बेंडा आणि कासल्स यांचा १९६९चा लेख वाचा.

माळरान:
दोघांचे मनापासून आभार. लेख आधी, मग बांतेन. सामिनचे लोक आज आहेत का?

सागवान:
आहेत. स्वतःला 'सेदुलुर सिकेप' म्हणवतात, शेती करतात. केंडेंग डोंगररांगेतल्या सिमेंट कारखान्याविरुद्धच्या लढ्यातही ते आहेत. २०१६मध्ये तिथल्या नऊ शेतकरी बायका जकार्तात राष्ट्रपती भवनासमोर पाय सिमेंटमध्ये रोवून बसल्या होत्या. त्या बातम्या लेखानंतर वाचा, आधी नको.