गिझर बदलला, आता नळाला हात लावला की मुंग्या येतात

प्रश्न (लातूर): जुना गिझर गळत होता, म्हणून परवा ३ किलोवॅटचा नवा बसवला. वायरमननं जुन्याच प्लगात लावला, तपासलं काहीच नाही. काल आई नळाला हात लावताच ओरडली, "मुंग्या आल्या गं!" तेव्हापासून गिझर बंद, पाणी चुलीवर. अर्थिंगचा खड्डा घराइतकाच जुना. काय तपासून घेऊ?

उत्तर (नांदेड): ताई, बंद केलात ते फार बरं केलंत. मी वायरिंगचंच काम करतो. ३ किलोवॅट म्हणजे साधारण १३ अँपिअर, तेव्हा प्लग १६ अँपिअरचाच हवा. सप्लाय काढून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रानं) फेज-न्यूट्रल एकत्र धरून अर्थशी तपासायला लावा. रीडिंग १ मेगाओहमच्या खाली आलं तर गिझर परत करा. आणि खड्डा! आपली काळी माती वैशाखात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो, मग पाण्याच्या मोटारीची गळतीसुद्धा अर्थच्या वायरीतून नळापर्यंत येते. टेस्ट लॅम्पवर (तपासणीच्या दिव्यावर) विसंबू नका, अर्थ टेस्टरनं खड्ड्याचा रोध मोजा.

उत्तर (परभणी): ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवाच. टेस्टचं बटण दर महिन्याला दाबा. पण त्यानं अर्थिंग ठीक आहे की नाही ते कळत नाही, ते वेगळंच मोजावं लागतं.

प्रश्नकर्ती: आज दुसऱ्या वायरमनला बोलावलं. गिझर चांगला निघाला, खड्ड्यातली वायरच गंजून तुटली होती! उद्या नवा खड्डा. आरसीसीबी बसेपर्यंत आईला न्हाणीघरात गिझर लावू देणार नाही.