मदत हवी आहे : ओसाका, कोयासान आणि शाकाहारी आई

नोव्हेंबरमध्ये मी आणि आई पाच दिवस ओसाकाला चाललोय. मी काहीही खातो, पण आईला अंडंसुद्धा चालत नाही. मागच्या परदेशवारीत ती बिचारी दशम्या आणि मेतकूट-भातावर राहिली. या वेळी तसं नको.

म्हणून एक रात्र कोयासानला, म्हणजे डोंगरावरच्या बौद्ध देवळांच्या गावी, देवळातच मुक्काम करायचा बेत आहे. तिथलं शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं जेवण, त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. आई म्हणाली, "म्हणजे आपला चातुर्मासच की!" लाखेच्या इवल्या वाट्यांत तिळाचा तोफू, गोठवून सुकवलेला कोया-दोफू, भाज्यांचा तेंपुरा (भज्यांसारखा). फोटो बघूनच भूक लागली.

अडचण गुडघ्यांची. जेवण तातामीवर (गवती चटईवर) खाली बसून असतं. तिथे राहून आलेल्यांनी सांगा, मागितली तर खुर्ची मिळते का? आणि फुतोनवरून, म्हणजे जमिनीवरच्या गादीवरून, सकाळी उठायचं कसं? रात्री ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीच्या देवदारांतून फिरायला जायचंय, पण दोन लाखांवर समाध्या आहेत हे आईला अजून सांगितलेलं नाही.

ओसाकात खरी पंचाईत. नुसत्या भाजीच्या सूपमध्येही माशाचं दाशी (उकळून काढलेला अर्क) असतं. फिरत्या पट्ट्यावरची सुशी तिथेच 1958 मध्ये सुरू झाली, ती गंमत तिला दाखवायचीच आहे. काकडीची काप्पामाकी (भाताची गुंडाळी) ती खाईल, पण एवढ्यावर पोट कसं भरणार? ओसाकातल्या नांबा भागाच्या आसपास दाशीशिवाय उदोन (जाड नूडल्स) किंवा दाशी आणि अंड्याशिवाय ओकोनोमियाकी (कोबीचं जाड धिरडं) करून देणारं, स्वतः खाल्लेलं ठिकाण असेल तर कृपया सुचवा. भारतीय हॉटेलं नकोत, ती आम्हाला सापडतील.