इंटर्नची नजर टिपायची आहे, आय-ट्रॅकर कोणता घ्यावा?

दिंडोरीरोड: नाशिकमध्ये अ‍ॅनेस्थेशियात पीजी करतेय. स्किल लॅबमध्ये मॅनिकिनवर (माणसाच्या पुतळ्यावर) कोड ब्लूचा, म्हणजे हृदय किंवा श्वास थांबलेल्या पेशंटला वाचवायचा, सराव घेतो. परवा सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) ८२ टक्क्यांवर आलं, मॉनिटर बोंबलतोय आणि तिघंही इंटर्न हातातल्या सलाईनच्या सुईत गुंग! हेच मोजून थीसिस करायचंय. चष्म्यासारखा ट्रॅकरच लागेल की लॅपटॉपच्या वेबकॅमवर भागेल? विभागाकडे पैसे बेताचेच.

खलबत्ता: वेबकॅम स्क्रीनवरच्या ईसीजीपुरता ठीक. खाटेभोवती फिरणाऱ्याला चष्माच हवा. ‘टोबी प्रो ग्लासेस ३’ हा चष्मा दर सेकंदाला ५० किंवा १०० वेळा नजर टिपतो. प्युपिल लॅब्सच्या नियॉन चष्म्याला कॅलिब्रेशन, म्हणजे प्रत्येकाच्या डोळ्यांशी आधी जुळवून घेणं, लागत नाही. विकत घेऊ नका, एखाद्या डिझाइन किंवा मानसशास्त्र विभागाकडून उसना मिळतो का बघा. आणि पैशाआधी वेळेचा हिशेब मांडा. डोकं हलतं तसं चित्र हलतं, त्यामुळे नजर मॉनिटरवर होती की अ‍ॅम्बू बॅगवर (हाताने दाबून श्वास द्यायच्या पिशवीवर) हे बऱ्याचदा हातानेच नोंदवावं लागतं. दहा मिनिटांच्या प्रसंगाच्या, सेकंदाला २५ प्रमाणे, १५,००० फ्रेम होतात. मी दोन महिने तेच केलंय, मान अजून धरते.

पंचवटीकर: काजळ, मस्कारा नको, ट्रॅकरचा डोळ्यातली बाहुली ओळखताना गोंधळ होतो. खिडकीतलं ऊनही अडवा, ट्रॅकर इन्फ्रारेडवर चालतो. नंबरचा चष्मा असलेल्यांचं काय करणार, तेही आधीच ठरवा.

गोदाकाठ: उपकरणाचं जमेल हो. पण बघितलं म्हणजे दिसलं, असं धरून चालू नका. २०१३ साली २४ रेडिओलॉजिस्टना फुप्फुसाच्या सीटीत गाठी शोधायला लावल्या आणि चित्रात गोरिला घुसवला. २० जणांना दिसला नाही, आणि त्यातल्या बहुतेकांची नजर नेमकी त्याच जागेवरून गेली होती! तेव्हा प्रसंग संपल्या संपल्या इंटर्नला त्याचाच व्हिडिओ दाखवा आणि ‘इथे मनात काय चाललं होतं?’ विचारा. ते उत्तर नजरेच्या आकड्याशेजारी ठेवा. दुसरं, तुम्ही त्यांच्या सीनियर. तुम्हीच संमती मागितली तर नाही कोण म्हणेल? ते काम दुसऱ्याला द्या, एथिक्स कमिटी हे विचारणारच.

दिंडोरीरोड: संमतीचं डोक्यातच आलं नव्हतं. आता प्रसंग तीन मिनिटांवर आणते, मोजायच्या जागा चारच: मॉनिटर, छाती, तोंड-मास्क, औषधांचा ट्रे. आधी दोघांवर करून बघते. ट्रॅकर उसना मागायला सोमवारी गाइडचं पत्र घेते. काजळाचं मात्र सरांनाच सांगायला लावणार.