सिस्टम इंजिनिअर बाहेरून आणायचा की घरातच घडवायचा?

केपेंकर:
वेर्ण्याच्या एका कंपनीत 11 वर्षं आहे. आम्ही पाणी प्रक्रियेच्या प्लांटसाठी कंट्रोल पॅनेल बनवतो. इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंटेशन, सॉफ्टवेअर, तिन्हीकडची पोरं कामात चोख. तरी चवथीच्या आठवडाभर आधी साइटवर पॅनेल चालू केलं, तर टाकी कोरडी आणि स्क्रीनवर काठोकाठ भरलेली. पंप सुरूच होईना. टाकीतली पातळी मोजून कळवणारा ट्रान्समीटर 4 ते 20 मिलिअँपिअर करंट देणारा, आणि पीएलसीचं, म्हणजे पंप चालवणाऱ्या कंट्रोलरचं, कार्ड 0 ते 10 व्होल्ट वाचणारं. 500 ओहमचा रेझिस्टर लावला, तर रिकामी टाकी 20 टक्के दिसायला लागली, कारण 4 मिलिअँपिअरचे 2 व्होल्ट झाले. रात्री अकराला सॉफ्टवेअरवाल्याला उठवून स्केलिंग, म्हणजे किती व्होल्टला किती टक्के दाखवायचं ते, बदलून घेतलं.

दोघांचीही ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबर होती. दोघांच्या मधलं बघणारा, म्हणजे सिस्टम इंजिनिअर, कुणी नव्हता. मालक म्हणतात, दोन पोरांना सिस्टम इंजिनिअरिंगच्या सर्टिफिकेटला पाठवू. मला नाही वाटत तेवढ्याने भागेल. तुमच्याकडे ही माणसं कशी तयार केली?

वास्कोकर:
भाऊ, मी 26 वर्षं जहाजबांधणीत काढली. एकाच बल्कहेडमधून, म्हणजे जहाजाच्या आतल्या भिंतीतून, पाइप, केबल, डक्ट जातात, आणि प्रत्येकाला वाटतं जागा आपलीच. आम्ही एका नव्या मुलाच्या हाती इंटरफेस शीट दिली. दोन खात्यांची जिथे गाठ पडते तिथे एक ओळ, आणि दोघांच्याही सह्या. सह्या गोळा करत फिरता फिरता वर्षभरात त्याला अख्खं जहाज कळलं. 1999 साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान असंच गेलं. एका गटाने आकडे पाउंड-फोर्स सेकंदात दिले, दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. हुशारीची कमी दोन्हीकडे नव्हती.

पर्वरीची:
सर्टिफिकेट वाईट नाही, पण क्रम बघा. इनकोसी ही सिस्टम इंजिनिअरिंगची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या एएसईपी या पहिल्या पायरीच्या सर्टिफिकेटला अनुभव लागत नाही, पुढच्या सीएसईपीला किमान पाच वर्षांचा लागतो. आधी एक काम सुरुवातीपासून हस्तांतरापर्यंत करू द्या, मग पाठवा. म्हणजे पुस्तकातला शब्द वाचला की साइट आठवते. आणि मालकांना आत्ताच विचारा, या माणसाची बढती कुठल्या खात्यातून होणार? आमच्याकडे हे ठरलं नव्हतं. तयार झालेली दोन्ही मुलं पुण्याला गेली.

केपेंकर:
बढतीचं उद्याच बोलतो. माणूसही डोळ्यासमोर आला. टेस्टिंगला एक मुलगी आहे, दोन वर्षं झाली. प्रत्येक पॅनेलपाशी उभी राहून विचारते, "ह्या वायरचं दुसरं टोक कुठे जातं?" आम्ही तिला घाई करायचो. साखळीचं नवं काम पहिल्या मीटिंगपासून तिच्याकडे देतो. काका, शीटमध्ये रकाने कुठले ठेवू?

वास्कोकर:
सिग्नलचं नाव, कुठून, कुठे, प्रकार, रेंज, एकक, दोन सह्या. आणि एक रकाना तिने स्वतः भरायचा: वायर तुटली तर स्क्रीनवर काय दिसेल? रिकाम्या टाकीचे 4 आणि तुटलेल्या वायरचा 0 वेगळे दिसतात; 4 मिलिअँपिअरपासून सुरुवात का करतात, ते तिला तिथे आपोआप कळेल.