ग्वाल्हेर: थंडीतली हवा, बाळंतिणीची खोली आणि धुरी

लष्करची_नणंद:
वहिनीला सातवा लागलाय, बाळंतपण जानेवारीत. घर महाराज बाड्याजवळ, बाळंतिणीची खोली 10 बाय 12, खिडकी रस्त्याकडे. खराब हवेमुळे बाळाचं वजन कमी भरतं, पुढे वाढही मंदावते असं वाचलं. खिडकी बंदच ठेवायची का? प्युरिफायर लागेल? आणि आई म्हणते, बाळाला ओवा-वेखंडाची धुरी द्यायलाच हवी.

बालआरोग्य_कंपू:
आधी धुरीचं, कारण बाहेरची हवा आपल्या हातात नाही, ही आहे. धुरी देऊ नका. नवजात बाळ मिनिटाला 40 ते 60 श्वास घेतं, त्यामुळे वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त धूर आत जातो. कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला वास नसतो आणि बंद खोलीत बाळ-बाळंतीण दोघांच्या जिवावर बेतू शकतं. आत्ताही वहिनींच्या खोलीत शेगडी नको. तो वायू वारेतून बाळापर्यंत पोचतो आणि त्याचा प्राणवायू तोडतो. डासांची कॉइल आणि उदबत्तीही त्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा.

हवा_यंत्रवाला:
थंडीत रात्री गार हवा जमिनीलगत अडकते आणि धूर तिथेच साचतो. ऊन तापल्यावर थर मोडतो, म्हणून खिडकी साधारण दुपारी 1 ते 4 मध्ये उघडा. पहाटे आणि रात्री नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर महाराज बाड्याचं हवा मोजणारं केंद्र बघा. तिथला हवेचा निर्देशांक म्हणजे मायक्रोग्रॅम नव्हेत: 300 निर्देशांक म्हणजे पीएम 2.5 (हवेतले अतिसूक्ष्म कण) घनमीटरला सुमारे 120 मायक्रोग्रॅम. शिवाय तो 24 तासांची सरासरी असतो, त्या घडीची हवा दाखवत नाही.

प्युरिफायर: छत 10 फूट धरलं तर खोली 34 घनमीटर. तासाला 5 वेळा हवा गाळायची तर तासाला 170 घनमीटर हवा गाळणारा लागतो. पण खोक्यावरचा आकडा सर्वांत जोरात चालवल्याचा असतो आणि रात्री आवाजामुळे वेग कमी ठेवावा लागतो. म्हणून 250 च्या पुढचा घ्या, खरी हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारी) जाळी असलेला. आयन सोडणारा नको, त्यातून ओझोन येऊ शकतो. भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. प्युरिफायर कार्बन मोनॉक्साइड गाळत नाही, तेव्हा तो आहे म्हणून शेगडी चालेल असं नाही.

लष्करची_नणंद:
मग शेक कसा द्यायचा? आईला ते पटवायचंय.

बालआरोग्य_कंपू:
गरम पाण्याच्या पिशवीने अंथरूण तापवा, पिशवी काढून घ्या, मग बाळाला ठेवा. टोपी, मोजे, आणि आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणं. यातून मिळते ती ऊब शेगडीपेक्षा चांगली. बाळंतिणीच्या पाठीला तीच पिशवी फडक्यात गुंडाळून.

पोषण_मापन:
सगळा भार हवेवर टाकू नका. चुलीऐवजी गॅस देऊन फरक पडतो का हे बघणाऱ्या, भारतासह चार देशांतल्या हापिन चाचणीत सुमारे 3200 गर्भवती होत्या. चूल वापरणाऱ्यांच्या श्वासातलं पीएम 2.5 सुमारे 70 राहिलं, गॅस दिलेल्यांचं 24 वर आलं, तरी 2022 च्या निष्कर्षांत जन्मवजनात ठोस फरक दिसला नाही. अर्थात त्या बायका चाचणीत आल्या तेव्हा 9 ते 20 आठवडे उलटलेले होते. म्हणून लोहाच्या गोळ्या, जेवण आणि तपासण्या चुकवू नका.

बाळाचं वजन दर महिन्याला माता-बाल संरक्षण कार्डावरच्या आलेखात भरा. लांबी झोपवून, कडक फळीवर, मोजे काढून, दोघांनी मोजा: एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे सरळ. टेपने एकट्याने मोजलं तर सेंटीमीटरभर चूक सहज होते आणि उगाच घाबरायला होतं. बाळ 37 आठवड्यांआधी आलं तर वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून धरा. सलग दोन मोजण्यांत वजनाची रेघ सपाट झाली, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.